सोलापुरातल्या लॉज-हॉटेलांत दिवे कसे लावावेत : या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

सोलापुरात मुक्कामाला येणारा माणूस बहुतेक वेळा सोलापूर बघायला आलेला नसतो. त्याला पहाटे उठून अक्कलकोटला जायचं असतं, नाहीतर तुळजापूरला, नाहीतर पंढरपूरला. किंवा तो चादरी-टॉवेलचा माल बघायला आलेला व्यापारी असतो. दिवसभर कारखाने फिरून रात्री पलंगावर वह्या मांडून बसणारा. किंवा लग्नाचं वऱ्हाड असतं. सगळ्यांचेच डोळे दिवसभराच्या उन्हाने दमलेले असतात आणि खोलीत प्रत्येकाचं काम वेगळं असतं. दिव्यांचं काम इथून सुरू करायचं. कॅटलॉग नंतर उघडायचा.

तुम्ही वायरमन असाल आणि मालक आता तुम्हालाच विचारत असतील, "काय लावू सांगा". इंटिरिअरचा डिप्लोमा नुकताच संपवला असेल. किंवा वडिलांच्या लॉजचं नूतनीकरण अंगावर घेतलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मी बरीच वर्षं हेच करतो आहे आणि सुरुवातीला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी आधी सांगतो.

आधी एक रात्र तिथे राहा

जुनी इमारत असेल तर मालकांना सांगून एका खोलीत रीतसर मुक्काम करा. वही जवळ ठेवा. दार उघडल्यावर अंधारात हात कुठे जातो, ते बघा. स्विच तिथेच हवा. बॅग कुठे टेकवावीशी वाटते? फोन चार्जिंगला लावल्यावर तो उशीपर्यंत पोचतो का? पलंगावर उताणं पडा आणि डोळे उघडा. वरचा दिवा थेट डोळ्यांत घुसतो का? रात्री २ वाजता उठून दिवा न लावता बाथरूमपर्यंत जा. पहाटे ४ वाजता आंघोळ करून आरशासमोर उभे राहा आणि केस विंचरा.

हे मी एका आजींकडून शिकलो. स्टेशनजवळच्या एका लॉजमधलं माझं सुरुवातीचं काम. प्रत्येक खोलीत छताला ६ गोल डाऊनलाइट लावले होते, खोली लख्ख दिसायची, मालकही खूश होते. महिनाभराने त्यांचा फोन आला. अक्कलकोटला निघालेल्या एक आजी काउंटरवर येऊन म्हणाल्या होत्या, "पोरा, लाईट लई हायत रं, पण कुंकू लावायला तोंडच दिसंना." मी जाऊन आरशासमोर उभा राहिलो. दिवे माझ्या डोक्याच्या मागे आणि वर होते. भिंत उजळलेली, गादी उजळलेली आणि माझा चेहरा काळा. कपाळाची सावली डोळ्यांवर, नाकाची सावली ओठांवर पडलेली. सहा दिव्यांतला एकही चेहऱ्यासाठी नव्हता.

त्या दिवसापासून मी खोलीचा नकाशा हातात घेतला की आधी माणूस काढतो: आरशासमोर उभा, पलंगावर टेकून बसलेला, बॅगेवर वाकलेला. मग प्रत्येकासाठी एकेक दिवा. छताचा विचार सगळ्यात शेवटी.

चार शब्द नीट समजून घ्या

लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष पडणारा प्रकाश. १ चौरस मीटरवर १ लुमेन पडला की १ लक्स. केल्विन म्हणजे प्रकाशाचा रंग: २७०० पिवळसर, जुन्या तारेच्या बल्बसारखा, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा, ज्याला दुकानात कूल डेलाइट म्हणतात. आणि सीआरआय म्हणजे त्या प्रकाशात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, १०० पैकी. वॅट फक्त वीजबिलाशी बोलतो. गिऱ्हाईक "किती वॅटचा?" विचारेल तेव्हा तुम्ही लुमेन सांगायची सवय लावून घ्या.

लक्स मीटर विकत घ्या, महाग नसतो. मोबाइलमधलं ॲप अचूक नसलं तरी एक कोपरा आणि दुसरा कोपरा यांची तुलना करायला चालतं. मी धरतो ते आकडे असे: खोलीत साधारण वावरायला ५० ते १००, वाचताना पुस्तकावर ३००, आरशासमोर चेहऱ्यावर ३००, रिसेप्शनच्या टेबलावर ३००, पॅसेजमध्ये १००, जिन्याला १५०, स्वयंपाकघरात ओट्यावर ५००. जेवणाच्या टेबलाचं पुढे सांगतो.

ढोबळ हिशेब एकदा हाताने करून बघा. १२ बाय १४ फुटांची खोली म्हणजे साधारण १५.६ चौरस मीटर. सगळीकडे सरासरी १०० लक्स हवा तर जमिनीवर १,५६० लुमेन पोचले पाहिजेत. पण निम्मा प्रकाश भिंती, पडदे, छत यांत जिरतो, आणि धूळ व वय यांमुळे पुढे आणखी पाचवा भाग कमी होतो. म्हणून १,५६० ला ०.४ ने भागायचं: ३,९०० लुमेन. चांगला एलईडी वॅटमागे १०० लुमेन देतो, म्हणजे अख्ख्या खोलीला ४० वॅट पुरले. एवढ्याच खोलीत १५ वॅटचे ८ दिवे लावलेले मी पाहिले आहेत, आणि तरीही आरशासमोर अंधार.

एक गोष्ट आमच्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. देवदर्शनाला येणारे बरेच पाहुणे साठीच्या पुढचे असतात. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोचतो. आणि गंमत नाही, पण त्याच डोळ्यांना थेट दिसणारा दिवा जास्त खुपतो. म्हणजे प्रकाश भरपूर हवा आणि दिव्याचं तोंड मात्र दिसता कामा नये. डाऊनलाइट घेताना प्रकाशाचा चकचकीत भाग कडेच्या आत खोल बसवलेला आहे ना, हे हातात धरून बघा. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतील तर आणखी जपा. छतावरचा प्रत्येक दिवा खाली फरशीत पुन्हा दिसतो.

रंग ठरवा, आणि मग ढळू नका

दुकानदार तुम्हाला सांगेल की पांढरा लाइट "जास्त पडतो". उन्हाच्या गावात लोकांना पांढरा लाइट थंड वाटतो, हेही खरं आहे. कित्येक मालक त्यासाठीच ६५०० मागतात. त्यांच्याशी वाद घालू नका, करून दाखवा. सारख्याच लुमेनचे दोन दिवे, एक २७०० चा आणि एक ६५०० चा, रात्री एकाच खोलीत एकामागून एक लावा आणि मालकांना पलंगावर बसवा. माझा नियम असा: झोपायच्या खोलीत २७०० किंवा ३०००, रिसेप्शन आणि जेवणाच्या जागी ३०००, ऑफिस, कपडे धुण्याची जागा आणि स्वयंपाकघरात ४०००. ६५०० मी पाहुण्याच्या नजरेच्या टप्प्यात कुठेच लावत नाही.

याला शास्त्राचा आधार आहे. डोळ्याच्या पडद्यावर बघण्यासाठी नसलेल्या, पण शरीराला दिवस-रात्र सांगणाऱ्या पेशी असतात; त्या थेट प्रकाशाला प्रतिसाद देतात हे २००२ साली सिद्ध झालं. त्यांना ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो. रात्री ११ वाजता पांढऱ्याफेक खोलीत बसलेल्या माणसाचं शरीर अजून दिवस आहे असं समजतं, आणि त्याला पहाटे साडेतीनला उठायचं असतं.

एका दृष्टिक्षेपात दोन रंग येऊ देऊ नका. कोव्हमध्ये, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत, पिवळी पट्टी, मध्ये पांढरा पॅनल आणि पलंगाशी आणखी तिसराच रंग, हे सगळीकडे दिसतं आणि खोली विस्कटलेली वाटते. दिवे एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे घ्या आणि १० टक्के जादा घेऊन ठेवा. दोन वर्षांनी तोच नंबर मागवला तरी रंग थोडा सरकलेला येतो.

आता सीआरआय. हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लाल त्यात मोजलाच जात नाही. त्याचा आकडा वेगळा, आर-९ नावाचा. सीआरआय ८० च्या साध्या एलईडीचा आर-९ बऱ्याचदा शून्याच्या आसपास असतो. याचा अर्थ कागदावर कळत नाही, ताटात कळतो. मी मालकांसमोर एक प्रयोग करतो: दोन पांढऱ्या ताटल्यांत शेंगाची चटणी घ्यायची, शेजारी कडक भाकरीचा तुकडा. एका ताटलीवर साधा सीआरआय ८०, दुसरीवर सीआरआय ९० च्या वरचा, आर-९ पन्नासच्या वर असलेला दिवा. दोन्ही ३००० केल्विन. पहिल्या ताटलीत चटणी विटकरी, भुरकट दिसते, आठवडाभर उघडी राहिल्यासारखी. दुसरीत तिखटाचा लाल आणि दाण्याचा तेलकट सोनेरी रंग वेगवेगळे दिसतात, भाकरीवरचे भाजल्याचे डाग उठून येतात. चटणी एकाच बरणीतली असते. हे बघितल्यावर दिव्यामागे शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला कोणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. कॅटलॉगमध्ये आर-९ लिहिलेला नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही तर तो दिवा जेवणाच्या टेबलावर आणि आरशावर लावू नका.

खोली

दार: आत शिरताच हाताशी एक स्विच, त्याने एक मऊ दिवा लागावा. कार्डाचा स्विच असेल तर त्यावर सगळे दिवे एकदम पेटणार नाहीत अशी जोडणी करा. रात्री दमून आलेल्या माणसावर दहा दिवे एकदम पेटणं म्हणजे तोंडावर पाणी मारण्यासारखं आहे.

पलंग: दोन माणसं, दोन दिवे, दोन स्विच. एकाला झोपायचं असतं तेव्हा दुसऱ्याला वाचायचं असतं. भिंतीला लावलेला, मान वळवता येणारा ३ ते ४ वॅटचा दिवा, गादीपासून सुमारे २ फुटांवर. झोत अरुंद, पुस्तकापुरता. स्विच झोपलेल्या माणसाच्या हाताला डोकं न उचलता सापडला पाहिजे. तिथेच खोलीतले सगळे दिवे बंद करणारा टू-वे स्विच द्या आणि चार्जिंगचा सॉकेट द्या. उशीच्या बरोबर वर छतात दिवा कधीही नको. पलंग पुढे सरकेल, टीव्ही भिंत बदलेल, असं कोणी म्हणालं तर पलंगाची जागा जमिनीवर खडूने आखून घ्या आणि मगच फॉल्स सिलिंगला भोकं पाडू द्या.

आरसा: दोन्ही बाजूंना उभे दिवे, मध्यभाग डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण ५ ते साडेपाच फूट. दुधी काच किंवा डिफ्यूजर असलेले, ३००० केल्विन, सीआरआय ९०. बाजूला जागा नसेल तर आरशाच्या वर एक लांब आडवा दिवा, पण तोही आरशाच्या समोर थोडा पुढे आलेला, म्हणजे प्रकाश चेहऱ्यावर पडेल. साडीच्या निऱ्या बघायला पूर्ण उंचीचा आरसा असेल तर त्यालाही हाच नियम. आरशाच्या मागून प्रकाशाची कड येणारे तयार आरसे हल्ली खूप खपतात. दिसायला छान असतात, पण त्यांच्या भरवशावर चेहरा सोडू नका.

बाथरूममध्ये पाण्याच्या जवळ आयपी ४४ च्या खालचा दिवा नको (आयपी म्हणजे दिवा धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा), आणि शॉवरच्या डोक्यावर लावायचा असेल तर आयपी ६५. वायरिंगला आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असल्याशिवाय बाथरूमचा दिवा चालू करून देऊ नका. यात तडजोड करायला सांगणाऱ्या मालकाचं काम सोडलेलं बरं.

रात्रीचा दिवा: पलंगाच्या खाली किंवा बाथरूमच्या वाटेवर स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या) उंचीला १ वॅटचा पिवळा दिवा. जमीन दिसली पाहिजे, दिवा दिसता कामा नये. सेन्सर लावलात तर तो फक्त पाय खाली टेकल्यावर लागेल अशा कोनात बसवा. कूस बदलली की उजेड पडायला लागला तर पाहुणा दुसऱ्या रात्री थांबत नाही. अंधारात वाट चुकून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची गोष्ट प्रत्येक जुन्या लॉजमध्ये ऐकायला मिळते. या १ वॅटचं मोल मोठं आहे.

कोव्हचा प्रकाश खोलीला मऊ करतो, पण आपल्याकडे धूळ फार. वर तोंड करून बसलेल्या पट्टीवर सहा महिन्यांत थर जमतो. हात आणि फडकं आत जाईल एवढी, किमान ४ इंचांची फट ठेवा. पट्टी २४ व्होल्टची घ्या. १२ व्होल्टची लांब ओढली की टोकाकडे मंद होत जाते. ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवा, तिची उष्णता बाहेर जायला हवी.

जेवणाची जागा

अमेरिकन प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली यांनी १९५० च्या दशकात प्रकाशाचे तीन थर सांगितले: भोवताली पसरलेला, एका जागी एकवटलेला, आणि चमचमणारा. हॉटेलच्या जेवणघराला हे जितकं लागू पडतं तितकं कशालाच नाही. छताला समान अंतरावर पॅनल ठोकले की पहिला थर भरमसाट होतो, बाकीचे दोन मरतात, आणि जागा बँकेसारखी दिसायला लागते.

टेबलापासून सुरू करा. टेबलावर १५० ते २०० लक्स, दोन टेबलांच्या मधल्या वाटेवर ५० च्या आसपास. हा फरकच प्रत्येक कुटुंबाला आपापली जागा मिळाल्यासारखं वाटायला लावतो. झोताचा कोन असा काढायचा: छत टेबलाच्या पृष्ठभागापासून २ मीटर वर असेल तर २४ अंशांचा दिवा खाली सुमारे ८५ सेंटिमीटरचा गोल टाकतो, ३६ अंशांचा १.३ मीटरचा, ६० अंशांचा २.३ मीटरचा. दोघांच्या टेबलाला २४, चौघांच्या टेबलाला ३६. ६० अंशांचा गोल टेबलाबाहेर जाऊन माणसांच्या डोक्यावर पडतो; टक्कल चमकतं आणि चेहरा अंधारात जातो.

आमच्याकडे दहा जणांचं कुटुंब आलं की वेटर टेबलं जोडतात. मग छताला कायमचा बसवलेला दिवा दोन टेबलांच्या फटीवर येतो. म्हणून फॅमिली हॉलमध्ये मी ट्रॅक वापरतो. दिवा रुळावरून सरकवता येतो. टांगता दिवा लावायचाच असेल तर भिंतीला चिकटलेल्या, न हलणाऱ्या टेबलांवर लावा, टेबलापासून सुमारे अडीच फूट वर. समोरच्या माणसाचा चेहरा झाकला जात नाही ना, हे बसून बघा.

डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा स्विच, लावा. दुपारी जेवायला येणारा माणूस आणि रात्री ९ ला येणारा, दोघांना वेगळा उजेड हवा. लक्षात ठेवा, डोळा प्रकाश सरळ हिशेबाने मोजत नाही: मीटरवर २५ टक्के झाला की डोळ्याला तो साधारण निम्मा वाटतो. डिमर, ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा डबा) आणि दिवा तिघांची जोडी दुकानातच लावून १० टक्क्यांपर्यंत खाली आणून बघा. तिथे लुकलुकला किंवा गुणगुणला तर छतावरही तेच करेल. मॅनेजरला मात्र डिमरची खुंटी देऊ नका; दुपार, संध्याकाळ, रात्र अशा तीन खुणा करून द्या.

स्वयंपाकघरातला प्रत्येक दिवा झाकणबंद हवा, फुटला तरी काच अन्नात पडणार नाही असा. तेलाचा थर पुसता येईल असं सपाट झाकण घ्या.

भिंतीवर काय? एका हॉटेलच्या रिसेप्शनला आम्ही चित्रांऐवजी सोलापुरी चादर लावली, जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली, ताणून चौकटीत. पहिल्यांदा तिच्यावर समोरून ३ फुटांवरून प्रकाश टाकला, तर ती छापील कागदासारखी सपाट दिसली. मग दिवे भिंतीपासून ६ इंचांवर आणले, वरून खाली घासत जाणारा प्रकाश दिला. एका क्षणात विणीचा प्रत्येक उठाव वर आला, नक्षीच्या कडेला बारीक सावली पडली, आणि आजवर अंगावर घेतलेली चादर आम्ही सगळे जवळ जाऊन बघायला लागलो. भौगोलिक मानांकन मिळालेली ही गोष्ट आपल्या गावात तयार होते. ती हॉटेलच्या भिंतीवर अशी दिसली पाहिजे. फक्त प्रकाशाने रंग उडतात, म्हणून तो दिवा २४ तास चालू ठेवू नका आणि दरवर्षी चादर बदला.

प्रवेश आणि पॅसेज

मे महिन्यात दुपारी बाहेर १ लाख लक्सच्या आसपास ऊन असतं. त्यातून आत आलेल्या माणसाला १५० लक्सचं रिसेप्शन काळोख वाटतं. पायरी दिसत नाही, काउंटरवरचा माणूस दिसत नाही. म्हणून दारातल्या पहिल्या १०-१२ फुटांत दिवसा जास्त प्रकाश हवा आणि रात्री कमी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं: दुपारी वीज वाचवायला दिवे बंद, रात्री सगळे चालू. दारावर छज्जा वाढवता आला, काउंटरमागची भिंत फिक्या रंगाची करून उजळता आली, तर निम्मं काम दिव्यांशिवाय होतं. काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर समोरून प्रकाश द्या. पाहुण्याला पहिल्यांदा तोच दिसतो.

पॅसेजचे दिवे रात्रंदिवस चालू राहतात. ९ वॅटचे १२ दिवे २४ तास धरले तर वर्षाला सुमारे ९४६ युनिट. सेन्सर लावून माणूस नसताना ते २०-३० टक्क्यांवर आणा. पूर्ण विझवू नका, काळोखा पॅसेज पाहून एकट्या बाईमाणसाला भीती वाटते. खोल्यांचे नंबर उजळा. जिना आणि पॅसेजचे काही दिवे बॅटरीवर चालणारे ठेवा आणि बाहेर पडायच्या वाटेची हिरवी पाटी कधी बंद होता कामा नये.

मंगल कार्यालय

यावर वेगळं लिहायला हवं, इथे दोनच गोष्टी. एक, कॅमेरा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. स्वस्त ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, व्हिडिओत आडव्या पट्ट्या सरकतात, आणि अक्षता पडतानाचा क्षण परत येत नाही. विकत घेण्याआधी मोबाइल स्लो मोशनवर ठेवून दिव्याचं चित्रण करा. लपलपला तर परत करा. दोन, नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर प्रकाश समोरून, साधारण ४५ अंशांतून यावा. स्टेजच्या बरोबर वरून आला तर मुंडावळ्यांची सावली डोळ्यांवर येते. डेकोरेशनवाले आपले दिवे घेऊन येतातच, त्यांच्यासाठी स्टेजच्या दोन्ही बाजूंना १६ ॲम्पिअरचे सॉकेट वेगळ्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) द्या, नाहीतर ऐन मुहूर्ताला हॉल अंधारात जातो.

ऊन छतातून दिव्यांपर्यंत पोचतं

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो. त्या स्लॅबखाली पीओपीच्या आत हवा कोंडते. एलईडी सहसा मरत नाही. मरतो त्याचा ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरमधले कपॅसिटर उष्णतेने. तापमान १० अंशांनी कमी केलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. त्यामुळे वरच्या मजल्यावर ड्रायव्हर छतात न टाकता पॅसेजमध्ये हाताशी येणाऱ्या पेटीत ठेवा. जमत नसेल तर दिव्याच्या भोकातून तो बाहेर निघतो का, हे बसवण्यापूर्वीच बघा. निघत नसेल तर बंद पडल्यावर पीओपी फोडावं लागेल.

वीज गेली-आली की झटका येतो. मेन डीबीमध्ये (वीज वाटपाच्या मुख्य पेटीत) सर्ज प्रोटेक्शन बसवायचा आग्रह धरा. थ्री-फेज इमारतीत न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत जाऊन एका मजल्याचे सगळे दिवे एका मिनिटात जळू शकतात, म्हणून न्यूट्रलची जोडणी स्वतः आवळून बघा.

शेवटची रात्र

सगळं बसल्यावर बिल देऊन निघून जायचं नाही. एक संध्याकाळ शिडी आणि वायरमन मामांना राखून ठेवा आणि पूर्ण अंधार पडल्यावर प्रत्येक फिरता दिवा जागेवर वळवा. दिवसा हे काम होत नाही. एक जण टेबलाशी, पलंगावर, आरशासमोर बसतो, दुसरा शिडीवर. "थोडं माझ्याकडं... बस, आवळा." मी दिव्याचा कोन ठरला की कडेला पेन्सिलने खूण करतो, म्हणजे पुसताना हलला तरी परत तिथे आणता येतो.

मालकांना एक कागद द्या: कुठल्या खोलीत कुठला दिवा, किती केल्विन, किती अंश, ड्रायव्हरचा नंबर, जादा दिवे कुठल्या कपाटात. बाजारात धावत जाऊन कोणी "त्यातलाच" म्हणून ६५०० चा दिवा आणला की दोन महिन्यांत सगळ्या कामाचा रंग उडतो. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला आणि आषाढीला खोल्या भरतात, त्याच्या पंधरा दिवस आधी दिवे पुसायचे, हेही त्याच कागदावर लिहा.

आणि मग मामांना म्हणा, शिडी आज इथेच राहू द्या. खोलीत झोपा, पहाटे ४ चा गजर लावा, पाय खाली टाका, आंघोळ करा, आरशासमोर उभे राहा. जिथे हात स्विच शोधत राहिला, जिथे डोळे मिटावेसे वाटले, ते वहीत लिहा. सकाळी ८ ला मामा आले की शिडी तिथूनच सुरू करायची.